स्टीलच्या पट्टीला भोक पाडताना

घरी बांधलेल्या शिडाच्या होडीवर डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या स्वतः करताय? मग ड्रिल सावकाश फिरवा. ड्रिलचा बिट न कापता नुसता घासत राहिला की स्टेनलेस स्टील जागीच कडक होतं, चकाकतं आणि पुढे कापलंच जात नाही. भोकाची जागा धरायला टोकदार पंच ठोकून करतात ती खूणही हलकीच मारा. कोबाल्टचा बिट, भरपूर कटिंग ऑइल, सलग दाब. धातूचं लांब वेटोळं निघायला लागलं की जमलं. तापीच्या गोड्या पाण्याला 304 ग्रेडचं स्टेनलेस चालतं, समुद्रासाठी मात्र 316 ग्रेडचंच घ्या. आणि कळकळीने सांगतो, जळगावात फॅब्रिकेशनवाल्याकडून पट्टी कापून घ्याल तेव्हा समोर उभे राहा. लोखंडावर चाललेलं ग्राइंडरचं चाक तिला लागू देऊ नका. लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्याच पावसात तांबूस डाग उमटतात.