टॉवेल रॉड बसवताना या चुका टाळा

चार स्क्रूचं तर काम आहे म्हणून ड्रिल मशीन हातात घेणारे आणि तासाभरात टाइल फोडून फोन करणारे लोक बघून बघून वैताग आलाय, म्हणून हे लिहायलोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भिंतीतून पाइप कुठून गेलाय हे न बघता भोक पाडणं. लातूरला माझ्या मावसभावानं गिझरच्या खाली जागा मोकळी दिसली म्हणून तिथंच ड्रिल लावली, आणि गिझरला जाणारी थंड पाण्याची लाइन नेमकी त्याच रेषेत. पाइपला भोक पडलं, पिचकारी समोरच्या भिंतीवर. पळत गच्चीवर गेला तर टाकीचा व्हॉल्व्ह बोअरच्या पाण्याच्या क्षारानं जाम झालेला, फिरेचना. हजार लिटरची टाकी डोळ्यादेखत गटारीत गेली, नळाला पाणी यायला अजून चार दिवस, टँकर मागवावा लागला. 2016 ला ज्या शहरात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं असं पाणी वाया गेलेलं बघून जीव तुटतो. वर प्लंबर, दोन टाइल फोडल्या, तसल्या डिझाइनच्या टाइल आता मिळत नाहीत.

म्हणून माझी सवय सांगतो. गिझर, गरम-थंड पाण्याचा मिक्सर, नळ, संडासातला जेट यांच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत वीतभर दोन्हीकडं भोक पाडायचं नाही. गिझरच्या सॉकेटची वायर पण तशीच सरळ गेलेली असते, त्यामुळं तीही रेष सोडायची आणि एमसीबी (बोर्डातला त्या लाइनचा खटका) पाडायचा. आणि मशीन लावायच्या आधी टाकीचा व्हॉल्व्ह हातानं फिरवून बघायचा, फिरत नसेल तर आधी तो बदला, रॉड नंतर. घर बांधायलेत त्यांनी टाइल लावायच्या आधी पाइपांचे फोटो काढून ठेवा राव, फुकटचं काम आहे.

दुसरी चूक, पहिल्या सेकंदापासून हॅमर चालू. मशीनवर हातोडीचं चित्र असतं, ते टाइल पार होईपर्यंत बंदच पाहिजे. मार्किंगवर मास्किंग टेप लावा म्हणजे बिट (मशीनला लावायची भोक पाडायची सळई) घसरत नाही, हळू स्पीडवर दाबून न धरता टाइल पार करा, मग विटेत खुशाल हॅमर मारा. गडबड असेल त्यानं त्या दिवशी मशीन काढूच नये. व्हिट्रिफाइड (लई कडक, घट्ट) टाइल असली तर साधं बिट नुसतं घासत बसतं, टाइलचं बिट आणा.

गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवायचा प्लॅस्टिकचा तुकडा) 6 एमएमची तर बिट पण 6 चंच. मोठं भोक पाडून आत काडेपेटीच्या काड्या कोंबणारे लई बघितले, ओली सोलापुरी चादर टाकली की रॉड खाली. भोकातली भुकटी फुंकून काढा आणि गिट्टी टाइलच्या पार आत ढकला, टाइलमध्येच फुगली तर स्क्रू आवळताना तडा जातो.

टाइल नाण्यानं वाजवून बघा, पोकळ वाजली तर जागा बदला. कोपऱ्याजवळ भोक नको.

दोन्ही बाजूंचं मार्किंग एकदम करू नका, एक बाजू बसवा, रॉड धरून लेव्हल बघा, मग दुसरी.

डबल टेपवाले रॉड घेऊच नका. आणि स्टील 304 ग्रेडचंच घ्या, बोअरच्या पाण्यात हलक्या स्टीलवर लवकर गंज चढतो.