शेगावच्या पायी वारीत पोट्टे भांडले तर काय करायचं

गजानन महाराजांचा प्रकट दिन जवळ आला की आपल्याकडे गावोगावचे ग्रुप पायी शेगावला निघतात, कोणी अकोल्याहून चाळीसेक किलोमीटर एका रात्रीत मारतात, कोणी नागपूर-यवतमाळकडून कितीतरी दिवस चालत येतात, आणि निघताना सगळे माऊली माऊली करत असले तरी दुसऱ्या मुक्कामाला कोणीतरी कोणाच्या अंगावर जातोच. ग्रुप न्यायची जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडली त्याच्यासाठी हे.

पहिली गोष्ट म्हणजे भांडणाचं जे कारण सांगतात ते बहुतेक वेळा खरं नसते. बादली, चटई, मोबाईल चार्जिंगचा प्लग, हे सगळं वरवरचं. खरं म्हणजे पायाला फोड आलेला असतो, रात्री झोप झालेली नसते आणि पोटात सकाळपासून फक्त चहा अन् खर्रा (सुपारी-तंबाखू). म्हणून दोघांना समोरासमोर बसवून "बोला, काय झालं" असं करूच नका, पंधरा जणांसमोर कोणीच माघार घेत नाही. आधी वेगळं करा. एकाला टेम्पोतून सामान उतरवायला लावा, दुसऱ्याला बसवून चपला काढायला लावा, पाय पाहा, पाणी द्या, दोन पोळ्या खाऊ घाला. अर्ध्या तासानं एकेकट्याला विचारा, तोवर निम्मे लोक स्वतःच "जाऊ द्या ना भाऊ" म्हणतात.

निघायच्या आधी गावातच देवळात सगळ्यांना बसवून दोन-तीन गोष्टी ठरवा, शेवटचा शब्द कोणाचा, सगळ्यात मागे कोण चालणार, आणि कोणी गोंधळ घातला तर त्याच्या घरी फोन कोण लावणार. प्रत्येकाच्या घरचा एक नंबर लिहून घ्या. घरी फोन जाईल एवढ्या धाकानंच बरेच जण सरळ राहतात.

सगळ्यात जास्त कुरबुर पुढे पळणारे आणि मागे राहणारे यांच्यात होते. जवान पोट्टे दोन तास आधी मुक्कामाच्या शाळेत पोचतात, पंख्याखालची जागा धरतात, आणि बुढे लोक अन् बाया येतात तेव्हा उरते ती बाथरूमजवळची ओली फरशी. यावर लेक्चर देऊन काही होत नाही. जो आधी पोचेल त्याच्याकडेच झाडू द्या, बायांची आणि म्हाताऱ्यांची जागा झाडून चटया टाकायचं काम त्याचंच, मग स्वतःचं अंथरूण. आणि हळू चालणाऱ्यांना पहाटे तासभर आधी काढा.

स्पीकर हातातून हिसकावू नका, त्याच्यावरून हमखास मारामारी होते. "चार्जिंग संपेल लेका, टेम्पोत लावून ठेव" म्हणा आणि टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवा. तसंही रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर कायद्यानंच बंद आहे, आणि ज्यांनी शाळेची चावी दिली त्यांच्या घरातली लेकरं झोपलेली असतात. भजन टाळावर म्हणा, जवळ बसून हळू.

आता दारू. पिलेल्या माणसाला रात्री समजावणं म्हणजे वेळ वाया. तो तुमच्याशी वाद घालेल, रडेल, मग परत वाद घालेल. एकच बघा, तो रस्त्यावर जाऊ नये, कारण हायवेवर रात्री ट्रकवाल्याला माणूस दिसत नाही. दोन शांत स्वभावाचे मित्र सोबत द्या, कुशीवर झोपवा, थापड कोणी मारायची नाही. हलवून उठत नसेल तर 108 लावा, बदनामीचा विचार नंतर. सकाळी उतरली की दोन वाक्यात सांगा आणि कोणासोबत तरी एसटीनं घरी पाठवा, माफी मागितली तरी पाठवा, नाहीतर पुढच्या मुक्कामाला दुसरा कोणी बाटली काढेल. नागपूरकडून हायवेनं येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की कारंजा (घाडगे), तळेगाव हा पट्टा वर्धा जिल्ह्यात येतो, तिथं दारूबंदी आहे, बॅगेत बाटली सापडली तर तिथंच केस.

बाहेरच्यांशी भांडण झालं तर पद्धत वेगळी. प्रकट दिनाच्या टायमाला शेतात हरभरा असतो, पोट्टे दोन-चार झाडं उपटतात अन् शेतकरी काठी घेऊन येतो. तेव्हा "आम्ही देवाच्या वाटेनं चाललो" हे चुकूनही म्हणू नका, त्याचा पारा अजून चढतो. लीडरनं एकट्यानं पुढे जायचं, बाकीच्यांना मागे थांबवायचं, हात जोडून म्हणायचं, "काका, चुकलंच आमचं, किती द्यायचे सांगा." बहुतेक वेळा तो पैसे घेत नाही, "मांगून नेलं असतं त टोपलंभर देल्लं असतं ना बे," एवढं सुनावून जातो. ऐकून घ्या.

एक प्रकार मात्र ग्रुपात मिटवायचा नाही. कोणी बाईची, पोरीची छेड काढली, अंधारात मागे मागे चालला, तर तिथं समेट नाही, "जाऊ दे, घरचाच आहे" नाही. तिला आधी बायांच्या सोबत बसवा, तिला काय करायचं ते विचारा, आणि लागलं तर 112. त्या माणसाला परत लाईनीत चालू देऊ नका.

पंढरपूरहून महाराजांची पालखी परत येते तेव्हा खामगाव-शेगाव टप्प्यात एवढी गर्दी असते की धक्काबुक्की होणारच, त्यात पाऊस. तिथं कोण बरोबर कोण चूक बघत बसू नका, माणूस बाजूला ओढा, आणि हरवलं तर भेटायची जागा सकाळीच ठरवून ठेवा.

आणि टेम्पो, डिझेल, किराणा, सगळा हिशोब शेगावातच करा, परतीच्या गाडीत बसायच्या आधी. गावात पोचल्यावर कोणी फोन उचलत नाही.