घरबदलासाठीची तपासणी रखडू नये म्हणून

इंग्लंडमध्ये वृद्ध किंवा अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी घरात करायच्या बदलांसाठी कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजची कामे सुकर करण्याचे उपाय सुचवणाऱ्या तज्ज्ञाकडून, होणारी तपासणी पुष्कळदा अपुऱ्या माहितीमुळे लांबते. म्हणून पहिल्याच विनंतीपत्रात ‘आईंना त्रास होतो’ असे मोघम न लिहिता, ‘बाथटबच्या 55 सेंटिमीटर उंच कडेवरून पाय टाकताना त्या महिन्याभरात दोनदा पडल्या’ असे नेमके लिहावे. दुखणे झाकण्याची आपली सवय इथे नडते. दाराची रुंदी, पायऱ्यांची उंची आणि छायाचित्रे सोबत जोडावीत. आधारदांड्यासारखे 1,000 पौंडांपर्यंतचे किरकोळ बदल पात्र व्यक्तीला मोफत मिळतात, तेव्हा त्यांची मागणी वेगळी करावी. डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँटचा, म्हणजे अपंग व्यक्तीसाठी घरात मोठे बदल करण्याच्या अनुदानाचा, परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून 6 महिन्यांत कौन्सिलला निर्णय द्यावा लागतो, मात्र तपासणीची प्रतीक्षा त्या मुदतीत मोजली जात नसल्याने अर्ज स्वीकारल्याची तारीख लेखी मागून घ्यावी.