५९, र्यू द रिव्होली: चित्रकार काम करत असताना आत जायचं कसं

मंगळवारी लूव्र बंद असतं, हे पॅरिसला पोचल्यावरच कळणारे बरेच असतात. ती दुपार सत्कारणी लावायची जागा तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ५९, र्यू द रिव्होली या इमारतीत सहा मजल्यांवर सुमारे तीस स्टुडिओ आहेत आणि बहुतेकांची दारं उघडी असतात. मंगळवार ते रविवार, दुपारी १ ते रात्री ८. प्रवेश फुकट, देणगी ऐच्छिक.

लूव्रकडून येताना उजव्या हाताचा फूटपाथ सोडू नका. विषम क्रमांकाची घरं त्याच बाजूला आहेत आणि क्रमांक उतरत जातात. रस्ता ओलांडायचाच असेल तर सायकलींवर लक्ष ठेवा. २०२० पासून रस्त्याचा मोठा भाग त्यांच्याकडे आहे आणि त्या आवाज न करता अंगावर येतात. मेट्रोने यायचं तर शातले स्टेशन. ते अवाढव्य आहे, त्यामुळे रिव्होलीची पाटी बघूनच वर या.

ही पूर्वी बँकेची इमारत. रिकामी पडलेली असताना १ नोव्हेंबर १९९९ रोजी काही कलाकारांनी आत शिरून ताबा घेतला. हकालपट्टीची टांगती तलवार बरीच वर्षं होती. पुढे महापालिकेने इमारत विकत घेतली, दुरुस्त केली आणि २००९ मध्ये ती रीतसर सुरू झाली. काही कलाकार इथे कायमचे आहेत, बाकीचे काही महिन्यांपुरते येतात. म्हणून एखाद्याचं काम बघायलाच जायचं असेल, तर तो सध्या तिथे आहे ना, हे आधी पाहून घ्या.

थेट सहाव्या मजल्यावर जा आणि बघत बघत खाली उतरा. बहुतेक लोक खालून सुरुवात करतात, तिसऱ्या मजल्यावर दमतात आणि वरचे स्टुडिओ राहून जातात. जिना गोल असून भिंतींवर इंचभरही कोरी जागा नाही. तिथेच फोटो काढत बसलात तर मागची रांग अडते. निवांत बोलायचं असेल तर आठवड्यातल्या दिवशी तीन-चारच्या सुमारास या. शनिवार-रविवारी संध्याकाळी तळमजल्यावर बऱ्याचदा संगीताचे कार्यक्रम असतात, मग गर्दी वाढते.

पाठीवरची सॅक छातीवर घ्या. वळताना सॅक ओल्या कॅनव्हासला लागते, हा अशा जागी नेहमी होणारा अपघात. ॲक्रिलिक तासाभरात वाळतं, पण तैलरंगाचा थर वरून वाळायलाच दिवस किंवा आठवडे लागतात, जाड थर असेल तर महिने. कपड्याला रंग लागलाच तर चोळू नका, पसरतो. कागदाच्या कडेने खरवडून काढा आणि कलाकारालाच विचारा. त्याच्याकडे टर्पेंटाइन आणि चिंधी असतेच.

दारातून आत पाऊल टाकताना ‘बाँझूर’ म्हणा. फ्रेंच येत नसलं तरी चालतं, पण न बोलता आत शिरणं तिथे उद्धटपणाचं समजतात. फोटोआधी विचारा. कलाकार हेडफोन लावून काम करत असेल तर बघून पुढे सरका. ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाने गप्पा सहसा तिथेच संपतात. ‘हा थर आधी लावला की नंतर?’ विचारलंत, तर पॅलेट पुढे करून दाखवणारेही भेटतात.

विकत घ्यायचं असेल तर छापचित्र, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेलं चित्र, सोयीचं. खाली पेन्सिलीने ‘७/३०’ असं असेल, तर तीस प्रतींपैकी सातवी. आकड्याऐवजी ‘E.A.’ ही अक्षरं असतील, तर कलाकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. संगणकावरून काढलेल्या प्रतीवरही असे आकडे घालतात, म्हणून छपाई कोणत्या पद्धतीने केली ते विचारा. एका छोट्या चित्रावर घासाघीस करू नका. तीन घेत असाल तर किंमत कमी होईल का विचारायला हरकत नाही. पावतीवर नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि रक्कम लिहून घ्या. थोडे युरो रोख ठेवा.

ए-४ आकाराचा कागद दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये घालून हातातल्या बॅगेत आडवा बसतो. कॅनव्हास पूर्ण वाळलेला असेल तरच गुंडाळा, तोही रंगाची बाजू बाहेर ठेवून, निदान दहा सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर. रंग आतल्या बाजूला राहिला की दाबून चिरतो. बबल रॅप थेट रंगावर टेकवू नका, फुग्यांचे ठसे उमटतात. मध्ये ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत, न चिकटणारा कागद घाला. कोळशाचं किंवा पेस्टलचं काम असेल तर फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा फवारा, मारलंय का, हे पैसे देण्याआधी विचारा.