वेंगुर्ल्याच्या मॉक पार्लमेंटला येताना: तयारीची यादी, जमली तशी

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी वेंगुर्ल्यात आपलं मॉक पार्लमेंट, म्हणजे पोरांची लुटुपुटीची संसद, आहे. एका बाजूला युरोपियन पार्लमेंटचे खासदार, दुसऱ्या बाजूला आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांचे, वीस-वीस पोरं. गेल्या वर्षी जे जे फसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे म्हणून यंदा आधीच लिहून ठेवते. एक-दोन-तीन नंबर घालून लिहायला बसले होते पण एकातून दुसरं निघत गेलं, तेव्हा आलंय तसं वाचा आणि आपापल्या कामाचं वहीत उतरवून घ्या.

पहिलं काम घरचं. ज्या खऱ्या सभेची आपण नक्कल करतो ती काय भानगड आहे ते आजीला पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर अजून वाचा. 1975 ला टोगोमधल्या लोमे शहरात करार झाला तेव्हापासून युरोप आणि हे देश (बहुतेक युरोपच्याच जुन्या वसाहती) व्यापार आणि मदतीच्या करारांनी बांधलेले आहेत. मग 23 जून 2000 ला बेनिनमधल्या कोतोनूला पुढचा करार झाला, आणि 15 नोव्हेंबर 2023 ला सामोआत आत्ताचा. करार सरकारांचा, पण त्यासोबत दोन्हीकडच्या खासदारांची एक जोडसभा चालते, दोन्हीकडचे सदस्य सारखे, अध्यक्ष दोन, एक इकडचा एक तिकडचा. कोतोनूच्या काळात वर्षाला दोन बैठका व्हायच्या, एक युरोपात आणि एक त्यांच्यापैकी कुणाच्या तरी देशात. सामोआ करारानंतर मोठ्या सभेबरोबर तिन्ही भागांच्या तीन वेगळ्या सभा झाल्यात, आणि या नव्या रचनेची पहिली बैठक फेब्रुवारी 2024 मध्ये अंगोलात लुआंडाला भरली. ही सभा कायदा करत नाही हे मात्र लाल पेनाने लिहून ठेवा. ठराव करते, शिफारस करते, प्रश्न विचारून मंत्र्यांना आणि युरोपियन कमिशनवाल्यांना (म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार बघणाऱ्यांना) घाम फोडते, बस. गेल्या वर्षी एका पोराने उभं राहून "हा कायदा आजपासून लागू" म्हणून टाकलं आणि टाळ्या पण पडल्या.

आता दर वर्षी कुणीतरी पालक विचारतातच, यात भारत कुठे आहे? कुठेच नाही. युरोपियन पार्लमेंटचं भारतासाठी वेगळं शिष्टमंडळ आहे, शिवाय 1996 पासून आशिया-युरोप खासदारांच्या बैठका होतात त्यात आपण नंतर गेलो, पण ही जोडसभा आपली नाही. मग आपण हीच का खेळतो तर काजूमुळे. आपल्याकडचे काजू कारखाने नुसत्या गावच्या बीवर वर्षभर चालत नाहीत, आफ्रिकेची बी येते म्हणून भट्ट्या पेटतात, त्यात बेनिनची पण असायची. ज्या बेनिनमध्ये तो कोतोनूचा करार झाला तेच हे. त्यांनी 1 एप्रिल 2024 पासून कच्ची बी बाहेर पाठवणंच बंद केलं, गर आम्हीच काढणार, मजुरी आमच्याच बायकांना मिळू दे म्हणून. म्हणजे युरोपसमोर आपण गरीब देश म्हणून उभे राहतो खरं, पण बेनिनच्या शेतकऱ्याला विचाराल तर कच्चा माल नेऊन नफा घरी ठेवणारे आपणच की. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस काजू गोड लागला नाही.

म्हणून यंदा बाजू चिठ्ठीने ठरणार. गेल्या वर्षी मालवण-देवगडच्या सगळ्या पोरांना सेनेगल हवा होता, मासे आहेत ना, आणि युरोप घ्यायला कुणी तयार नव्हतं, शेवटी ज्यांना उशीर झाला त्यांच्या गळ्यात फ्रान्स आणि स्पेन पडले आणि ते दोन दिवस तोंड पाडून बसले. यंदा तांडेलाच्या मुलीला स्पेन आला तर तिने स्पेनच करायचाय. चिठ्ठ्या 15 नोव्हेंबरला काढणार, त्यानंतर बदलून मिळणार नाही, आईने फोन केला तरी.

चिठ्ठी हातात पडल्यावर पहिलं पान आपल्या बाजूचं लिहायचं नाही, समोरच्याचं लिहायचं. समोरचा सगळ्यात तगडा कुठला मुद्दा मांडेल तो, त्याच्याच तोंडून, एक पान. हे पान मी तपासणार आहे. माशांचंच घ्या. युरोप पैसे देऊन आफ्रिकेतल्या देशांच्या समुद्रात आपल्या बोटी पाठवतो, तसे करार मॉरिटानिया, सेशेल्स, केप व्हर्दे वगैरेंशी झालेत. सेनेगलचा होता तो नोव्हेंबर 2024 मध्ये संपला आणि पुढे वाढवला नाही, त्याच वर्षी मे महिन्यात युरोपने सेनेगलला बेकायदा मासेमारी नीट रोखत नाही म्हणून पिवळं कार्ड पण दाखवलं होतं. सेनेगलच्या होडीवाल्याचं दुःख आपल्याला शिकवायला नको, मत्स्यदुष्काळ हा शब्द आपल्याकडे लहान पोरालाही येतो. पण स्पेनवाल्याचं पान काय म्हणेल? की आम्ही फुकट नाही घेत, करार उघड आहे, आमच्या बोटीवर तपासणीस असतो, 2010 पासून बाहेरून येणारा समुद्रातला मासा पकड-प्रमाणपत्राशिवाय आम्ही उतरवून घेत नाही, आणि आम्ही गेलो तर ज्यांचा हिशोब कुणीच ठेवत नाही अशा बोटी येतील. हे खोडून काढा बघू, नुसत्या संतापाने नाही खोडता येत ते.

आणि हेही शोधून ठेवा की खासदारांच्या हातात खरंच काय असतं. जोडसभा शिफारस करते म्हटलं, पण त्याच युरोपियन पार्लमेंटची संमती नसेल तर असला मासेमारीचा करार उभा राहत नाही. 14 डिसेंबर 2011 ला त्यांनी मोरोक्कोबरोबरच्या कराराची मुदतवाढ मतदानाने फेटाळली आणि युरोपच्या बोटींना तिथून निघावं लागलं. म्हणजे जोडसभेत ज्या माणसाला तुम्ही पटवताय तोच उद्या स्ट्रासबर्गला, युरोपियन पार्लमेंटमध्ये, बटण दाबणार असतो. म्हणून समोरच्याला शिव्या घालून काय मिळणार याचा विचार करून बोला.

मालवणचा आपला वाद पण कागदावर आणा. रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा वेढून उचलणारे), पर्ससीनवर बंधनं घालणारा 5 फेब्रुवारी 2016 चा राज्य सरकारचा आदेश, एलईडी लाइटची मासेमारी, पावसाळ्यातले ते 61 दिवस बंद. हे सगळं आपल्याच किनाऱ्यासमोरचं आहे आणि दोन्हीकडे आपलीच माणसं, तरी मिटत नाही, तर सेनेगल आणि स्पेनचं एका ठरावात मिटेल असं धरून येऊ नका. जागतिक व्यापार संघटनेत जून 2022 मध्ये मासेमारीच्या सबसिडीवर जो करार झाला त्यात जास्तीच्या मासेमारीचा भाग बाजूलाच ठेवला, छोट्या मच्छीमाराला 25 वर्षांची मुभा द्या ही भारताची मागणी तिथेच अडकलीय. हा विषय रात्री जेवताना काढू नका, गेल्या वर्षी बारा वाजले होते आणि वाढप्यांना घरी जायचं होतं.

आता ठरावाची भाषा, माझ्या मते सगळ्या यादीत महत्त्वाचं हेच. गेल्या वर्षीच्या ठरावात "तीव्र निषेध" एकतीस वेळा आला होता, मी मोजला. मत पडलं चाळीसपैकी चोवीस, सगळे नाचले, आणि मग एकीने हात वर करून वेगवेगळं मतदान मागितलं. नियम असा की तशी मागणी आली तर दोन्ही बाजूंचं बहुमत वेगवेगळं लागतं. चोवीसपैकी एकोणीस मतं विकसनशील बाजूची होती, युरोपची वीसपैकी पाच. ठराव पडला. ती मुलगी गुहागरची होती आणि नियमावली वाचून आलेली ती एकटीच. तर प्रत्येकाने एकच ओळ आणायची, ठरावात जाईल अशी, आणि समोरच्या बाजूचा निदान एक जण सही करेल अशी. खाली समोरच्या दोघांच्या सह्यांसाठी जागा सोडा. भाषण पाठ करून आलात तर आवडेल, पण एक मिनिटाला माइक बंद होणार आहे.

आमच्याकडे संसद म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना बॅरिस्टर नाथ पै आठवतात, वेंगुर्ल्याचेच ते, 1957 पासून 1971 पर्यंत राजापूरचे खासदार. हॉलवर कुणी ना कुणी येऊन सांगणारच की नाथ पै बोलायला लागले की सभागृह चिडीचूप. ऐकून घ्या, खरंच आहे ते. पण याच माणसाने 1967 ला घटनादुरुस्तीचं खाजगी विधेयक आणलं होतं, संसदेला घटना बदलता येते की नाही एवढ्या एका मुद्द्यावर, आणि त्यातला शब्द न् शब्द तोलून घेतलेला असणार. आवाज कसा लावायचा ते काकांकडून शिका, कागद मात्र स्वतः तयार करा.

दुभाषे चार लागतील, आत्ता दोनच आहेत. युरोपियन पार्लमेंटमध्ये 24 अधिकृत भाषा चालतात, आपल्याकडे मालवणी, मराठी, हिंदी आणि मोडकंतोडकं इंग्लिश. गेल्या वर्षी देवगडच्या एकाने मालवणीत जे काय सुसाट भाषण ठोकलं त्यात दुभाषीबाई "रापण" शब्दाला अडकल्या ते अडकल्याच. किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसं दोन टोकांनी ओढतात आणि मग मासळी वाटून घेतात ते जाळं असं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तेवढ्यात मिनिट संपलं. म्हणून आपल्या भाषणातले अवघड दहा शब्द आदल्या रात्री दुभाष्याला लिहून द्या.

आंबावाल्यांनी 2014 ची फाइल आणायची. ऐन मोसमात, 1 मे 2014 पासून, युरोपने भारताचा आंबा बंद केला, सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. कारण 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या 207 खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. ब्रिटन तेव्हा युरोपियन युनियनमध्येच होतं आणि तिथले लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी हा विषय लावून धरला. 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, पण फळ 48 अंशाच्या पाण्यात तासभर ठेवून वगैरे पाठवायचं, त्यावर आपले बागायतदार आजही कुरकुरतात, हापूसची साल म्हणजे काय बटाटा आहे का म्हणून. युरोपच्या बाजूचं पान लिहिताना तिकडच्या काचघरातला टोमॅटो-काकडीवाला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. आपण तरी बागेत फळमाशीचे सापळे कशाला टांगतो?

वादळाचा विषय श्रीवर्धनच्या मुलांकडे दिलाय, 3 जून 2020 चं निसर्ग त्यांच्याच डोक्यावरून गेलं. हवामान बदलाच्या नुकसानभरपाईचा जागतिक निधी 2022 मध्ये इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत मान्य झाला एवढं सगळे सांगतात, त्यापुढे आपल्या वाडीतली किती माड-पोफळी पडली, पंचनाम्यात किती लिहिली गेली आणि हातात काय आलं, हे तीन आकडे घरून आणा. पोफळ लावल्यावर उत्पन्नाला किती वर्षं लागतात ते आजोबांना विचारा.

राहिलं सामानसुमान. श्रीवर्धनवाले आदल्या रात्रीच्या कोकणकन्याने कुडाळला उतरणार, बाकीचे एसटीने, जो तो आपलं तिकीट आपण काढेल. सगळे कागद प्रिंट करून आणा, हॉलमध्ये रेंज फक्त खिडकीशी येते आणि तिथे आधीच गर्दी असते. देशांच्या पाट्या मी करते, पण युरोपवाल्यांनो, तुम्ही देशाप्रमाणे बसायचं नाही, तिकडे पक्षांच्या गटाप्रमाणे बसतात, तेव्हा जर्मनीचे दोघं एकमेकांच्या विरोधात पण असू शकतात. मतदानाचे कार्ड दोन रंगांत, निळे युरोपचे, हिरवे बाकीच्यांचे, म्हणजे वेगवेगळं मतदान मागितलं की मोजायला सोपं. लाइट जाणार हे धरून चाला, इन्व्हर्टर सांगितलाय पण त्यावर माइक आणि पंखा दोन्ही चालत नाहीत, आपण माइक निवडलाय, सुती कपडे घाला. माइकचे सेल जास्तीचे हवेत, कोण आणतंय ते कळवा.

जेवण शनिवारी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, रविवारी बांगडा आणि सोलकढी. मार्गशीर्ष असेल तरी गुरुवार नाही, तेव्हा तक्रार नको, न खाणाऱ्यांसाठी डाळभात आहेच.

पाहुण्यांचं एक. गेल्या वर्षी उद्घाटनाचं भाषण पन्नास मिनिटं चाललं आणि सेनेगलचा अख्खा वेळ त्यात गेला. यंदा पाहुण्यांनाही तोच एक मिनिटाचा माइक आहे. त्यांना हे सांगायला कोण जाणार ते अजून ठरलेलं नाही, हिंमतवाल्याने पुढे यावं.