परदेशातून आईला पत्र लिहिताना

परदेशात राहून भरपूर कमावणाऱ्या मुलाचे आईला गेलेले पत्र पुष्कळदा हिशेबाची चिठ्ठी होऊन बसते. किती रक्कम पाठवली, ती जमा झाली का, औषधांना पुरते का, आणखी काही लागले तर कळव, प्रकृतीला जप. अशा पत्राला आईकडून पोचपावतीच आली तर नवल नाही: पैसे मिळाले, सर्व ठीक आहे, काळजी करू नकोस. म्हणून सर्वांत आधी पैशांचा विषय पत्रातून बाहेर काढावा. ठरलेल्या तारखेला रक्कम बँकेतून आपोआप जमा होईल अशी व्यवस्था लावावी आणि त्याबद्दल काही विचारायचे असल्यास फोनवर विचारावे. पत्र आणि पैसे एकाच पाकिटात येऊ लागले की आपण पत्र लिहिले म्हणजे काहीतरी मागितले असे आईला वाटू लागते, आणि स्वाभिमानी आई मग लिहिणेच कमी करते. शिवाय साध्या पत्रातून नोटा पाठवण्यास बहुतेक देशांच्या टपाल नियमांत मनाई आहे आणि अशी रोकड हरवली तर भरपाईही मिळत नाही.

मजकुराचे म्हणाल, तर सगळी खुशाली सांगण्याच्या भानगडीत पडू नये. एका दिवसातली एकच गोष्ट घ्यावी आणि ती नीट सांगावी. नव्या घराची किंमत लिहिण्यापेक्षा त्या घरात सकाळी पहिला आवाज कशाचा येतो हे लिहिलेले आईला अधिक उपयोगी पडते, कारण किमतीवरून तिला मुलगा कसा राहतो ते दिसत नाही. श्रीमंती लपवण्याचेही कारण नाही. ओढूनताणून आणलेला साधेपणा आईच्या चटकन लक्षात येतो. एखादी बारीकशी अडचणही मोकळेपणाने लिहावी. मुलाचे सारे सुरळीत आहे असे प्रत्येक पत्रात वाचणाऱ्या आईला सल्ला द्यायला जागाच उरत नाही.

प्रश्न विचारायचा तो तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाला उत्तर देता येणार नाही असा असावा. ‘कशी आहेस?’ याचे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी ‘लहानपणी मला कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते, इथले डॉक्टर विचारत आहेत’ असे लिहिले तर उत्तर पानभर येते, आणि ती माहिती खरोखरच लागणारी असते. तिच्या मागच्या पत्रातली एखादी ओळ उचलून पुढे विचारणे याहूनही चांगले: ‘गुडघा दुखतो असे लिहिले होतेस, जिना चढताना दुखतो की उतरताना?’ आपले पत्र वाचले गेले, याची यापेक्षा पक्की खूण नाही.

तिचे पत्र वाचताना अक्षराकडेही लक्ष असू द्यावे. अक्षर हळूहळू बारीक आणि दाटीचे होत जाणे हे पार्किन्सनच्या आजाराचे, म्हणजे कंपवाताचे, एक लक्षण असू शकते. चष्म्याचा नंबर बदलल्यानेही अक्षर बदलते, त्यामुळे परदेशात बसून निदान करू नये. जुनी पत्रे शेजारी ठेवून फरक पाहावा आणि तो खरोखरच दिसला तर तिला डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था करावी.

आपले अक्षर मोठे, ओळींत अंतर सोडून आणि काळ्या शाईने लिहिलेले असावे. चकचकीत कागद टाळावा, कारण त्यावरची चमक वयस्कर डोळ्यांना त्रास देते. संगणकावर लिहायचे असेल तर अक्षराचा आकार निदान 16 ठेवावा, सही मात्र हाताने करावी. नेहमीच्या, दर चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे ए-4 आकाराचे एक पान 5 ग्रॅम भरते आणि अनेक देशांत टपाल दराचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो, तेव्हा हलक्या पाकिटात तीन पाने घातली तर वजन साधारण त्या मर्यादेच्या आसपास येते. परदेशी टपाल मागेपुढे पोहोचते, म्हणून प्रत्येक पत्रावर तारखेसोबत क्रमांकही घालावा. पाचवे आधी आणि चौथे नंतर आले तरी आईचा गोंधळ होत नाही आणि एखादे हरवले तर लगेच कळते.

आईला स्वतः वाचता किंवा लिहिता येत नसेल, तर पत्र दुसरे कुणीतरी वाचून दाखवणार हे लिहितानाच ध्यानात घ्यावे. घरातल्या माणसांविषयीच्या तक्रारी आणि मालमत्तेच्या गोष्टी अशा पत्रात नकोत. उत्तर लिहून देणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवावे, की ती बोलते तसेच उतरवावे, सुधारू नये.

टपालात टाकण्यापूर्वी स्वतःच्या पत्राचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंची पत्रे क्रमाने जुळतात. तिची मूळ पत्रे टाचण्या काढून, आम्लमुक्त, म्हणजे आम्लाचा अंश नसल्याने आतल्या पत्रांना खराब न करणाऱ्या, कागदाच्या पाकिटांत, उजेड आणि दमट हवेपासून दूर ठेवावीत. घडीवर फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग काढता येत नाही.