विममधला बंद क्लिपबोर्ड: सोर्सपासून बांधताना कुठे अडलं

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर विम हा टेक्स्ट एडिटर साधा टाकला की ब्राउझरमधून कॉपी केलेला मजकूर थेट एडिटरच्या रजिस्टरमध्ये (मजकूर तात्पुरता ठेवायच्या कप्प्यात) येत नाही. 'विम --व्हर्जन' दिल्यावर येणाऱ्या यादीत क्लिपबोर्डच्या आधी वजा चिन्ह दिसतं, म्हणजे ती सोय प्रोग्राम बांधतानाच (सोर्स कोडपासून तयार करतानाच) वगळलेली. क्लिपबोर्डसह बांधलेल्या विम-जीटीके३ पॅकेजने हे भागतं. पण मला अगदी ताजी आवृत्ती हवी होती, म्हणून गिटवरून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातून) सोर्स कोड घेतला.

बांधण्याआधी संगणकावर काय काय आहे ते तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट आधी टर्मिनल लायब्ररीवर अडली. एनकर्सेस या टर्मिनल लायब्ररीचं डेव्ह पॅकेज (बांधताना लागणाऱ्या फाइलींचं) टाकलं, झालं.

खरी गोम पुढे. एक्स११ च्या (लिनक्सवर खिडक्या आणि क्लिपबोर्ड सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) हेडर फाइल सापडल्या नाहीत तर कॉन्फिगर थांबत नाही. क्लिपबोर्ड गाळून पुढे जातं आणि मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणीची कमांडही, बिनतक्रार पूर्ण होतं. (इथे ठळक इशारा हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे.) लिबएक्स११-डेव्ह आणि लिबएक्सटी-डेव्ह टाकून पुन्हा चालवलं, तरी वजा जागच्या जागी! कारण आधीच्या तपासणीची उत्तरं एसआरसी/ऑटो फोल्डरमधल्या 'कॉन्फिग.कॅश' फाइलीत साठलेली असतात. म्हणून 'मेक डिस्टक्लीन' करून ती जुनी उत्तरं पुसली, कॉन्फिगरला जास्तीत जास्त सोयींसाठी '--विथ-फीचर्स=ह्यूज' दिलं, प्रीफिक्स (इन्स्टॉलची जागा) होम फोल्डरमधल्या '.लोकल'चा ठेवला. त्यामुळे मेक इन्स्टॉलला सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागलं नाही आणि सिस्टिमच्या विमला धक्का लागला नाही.

तरी टर्मिनल जुनंच विम उघडत होतं. टर्मिनलमधल्या कमांड चालवणारं बॅश प्रोग्रामचा आधीचा पत्ता लक्षात ठेवतं, म्हणून '.लोकल/बिन' पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) पुढे आणून तो पत्ता विसरायला लावणारं 'हॅश -आर' दिलं, आणि क्लिपबोर्डच्या आधी अधिक चिन्ह आलं.